लेथवर उभं राहून आत्म्याला अन्न मिळतं का?

कुपवाडचा टर्नर:
जय ख्रिस्त. एमआयडीसीत डबल पाळी करणारी पोरं आत्मिक जीवनात सुकत चाललीत, असं रविवारी उपासनेनंतर काही वडीलमंडळी म्हणाली. मला हे अजिबात पटलेलं नाही. प्रेषित पौल करिंथमध्ये राहुट्या करायचा आणि दर शब्बाथी, म्हणजे विश्रामवारी, सभास्थानात बोलायचा (प्रे. कृत्ये 18:3-4). शिष्य जेवायचा आग्रह करतात तेव्हा येशू सांगतो, ज्याने मला पाठवलं त्याचं काम पुरं करणं हेच माझं अन्न (योहान 4:34). मी पहाटे एक अध्याय वाचतो, त्यातली एक ओळ मनात धरून जॉब लावतो. कुणी तपासणार नसलं तरी मायक्रोमीटर लावल्याशिवाय नग खाली ठेवत नाही. वाचलेलं वचन मला तिथं कळतं.

मिरजेची सिस्टर:
दादा, येशू घरी आला तेव्हा मार्थासुद्धा कामातच होती, बहीण मरीया त्याचं ऐकत बसली! चांगला वाटा मरीयेनं निवडला, असं प्रभू म्हणाला (लूक 10:42). डॉ. वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून सेवा आणि भक्ती एकच असं आमच्याकडे शिकवत आलेत. त्या शिकवणीचा मला अभिमान आहे. पण थकून आलेल्या बाईला 'तुझी ड्यूटी हीच प्रार्थना' म्हटलं की तिचा शास्त्रपाठ बुडाला तरी कुणी विचारत नाही. मला ड्यूटीतून अन्न मिळत नाही, ड्यूटीला पुरेल इतकं अन्न आधी लागतं.

तासगाव, द्राक्षबाग:
मार्थेला बोलणी बसली ती दगदगीबद्दल, कामाबद्दल नव्हे. पाप जगात येण्याआधीच आदामाला बागेची मशागत दिली होती (उत्पत्ती 2:15). येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तो योहान 15 मी लहानपणापासून ऐकतोय. फळ देणाऱ्या फाट्यालाच आणखी फळासाठी छाटतात, हे ऑक्टोबरच्या छाटणीत कात्री हातात आल्यावर उमगलं. चांगली जोमदार काडी, तीसुद्धा मोजके डोळे (फुटव्याच्या जागा) ठेवून कापायची. जीव होत नाही. त्या वर्षी घरात आजारपण होतं, आणि तो अध्याय मला बागेतच समजला.

सातारकर:
सगळे कामाचे गोडवे गाताय, मजुरीचं कोण बोलणार? मी होतो त्या वर्कशॉपात 'जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा' (कलस्सै 3:23) भिंतीवर लावलं होतं आणि ओव्हरटाइम थकलेला. ते वचन दासांना लिहिलंय. जरा पुढे धन्यांना न्यायाने वागा असं बजावलंय (4:1), ते भिंतीवर नव्हतं. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, असं याकोब लिहितो (5:4). आणि कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडून आमच्या साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला. कधीकधी हातातलं काम सोडावंही लागतं.

कुपवाडचा टर्नर:
याकोबाचं शंभर टक्के मान्य. पण मालकानं लबाडी केली म्हणून माझा नग वाकडा का निघावा? टिळकांनी पगार सोडला, कष्ट नाही. 'सहा दिवस श्रम कर' हीसुद्धा आज्ञाच आहे.

मिरजेची सिस्टर:
त्याच आज्ञेत सातवा दिवस आहे, दादा (निर्गम 20:9-10). तुमच्या पोरांना रविवार सुटतो का?

कुपवाडचा टर्नर:
एक आड एक. त्यांच्यासाठी गुरुवारी रात्री आमच्या घरी शास्त्रपाठ ठेवतोय.

मिरजेची सिस्टर:
गुरुवारी मला नाइट असते. शुक्रवारी ठेवा, मी येते. आणि याकोब 5 पासून सुरू करा, सातारकरांनाही बोलवा.