मदत हवी आहे : पद्मिनीचा पेट्रोलचा काटा उलटा फिरतोय

नमस्कार मंडळी. गाडी 1984 ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. मुक्काम गुहागर, म्हणजे खारी हवा बारा महिने. गेल्या महिन्यात काटा अर्ध्यावर असताना शृंगारतळीच्या अलीकडे पेट्रोल संपलं. बाटली घेऊन चालत गेलो, असो.

टाकीतला फ्लोट सेन्सर (पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट वर-खाली होतो तसा काट्याला पातळी कळवणारा) उघडला तर आतली बारीक तार हिरवी पडून मधेच तुटलेली, फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलेलं. नवा युनिव्हर्सल सेन्सर मागवला आणि बसवला. आता टाकी भरली की काटा रिकाम्यावर, रिकामी झाली की भरलेल्यावर!

मल्टिमीटर लावला. नवा सेन्सर फ्लोट खाली असताना 10 ओहम दाखवतो, वर उचलला की 180. माझ्या मीटरला मात्र उलटं हवं असणार, कारण सेन्सरची वायर बॉडीला टेकवली की काटा थेट फुल्लवर जातो. अर्थिंग तपासलंय, पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केलंय.

आता प्रश्न असा : फ्लोटची दांडी उलट बाजूने बसवून जमेल का, की 240 ते 33 ओहमवाला (रिकाम्याला 240, भरल्यावर 33) सेन्सर घ्यावा? आणि दांडी किती वाकवायची हे कसं ठरवता? मी टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर ओतत काट्याच्या खुणा करणार आहे, रिझर्व्हची आधी. कॉर्कचं पॅकिंगही गेलंय, डिकीत वास येतो. पेट्रोलमध्ये टिकेल असं काय वापरता? जुनी तार परत गुंडाळून देणारा कारागीर चिपळूण-रत्नागिरीकडे असेल तर तेही कळवा.