किनारी सहली आणि ब्लू कार्बन यांची सांगड कशी घालावी? सल्ला हवा

निळाई:
नमस्कार. आम्ही तिघं मिळून समुद्रकिनारी छोट्या सहली काढतो. दहा-बारा माणसं, एक होडी. पुढच्या हंगामापासून दर माणशी ठरावीक रक्कम ब्लू कार्बन, म्हणजे समुद्राने आणि किनाऱ्याने धरून ठेवलेला कार्बन, राखण्याच्या कामाला द्यायची आहे. प्रवाळ, खारफुटी की सागरी गवत, पैसे कुठे लावावेत? पाहुण्यांच्या हातून रोपं लावून घ्यायचाही विचार आहे.

खाजण:
प्रवाळ जपायलाच हवेत, पण कार्बनच्या हिशेबात ते धरू नका. त्यांचा सांगाडा घडताना कार्बन डायऑक्साइड उलट बाहेर पडतो. खरा साठा खारफुटीच्या आणि सागरी गवताच्या बुडाशी असलेल्या चिखलात. ओहोटीला खारफुटीत पाय रुतला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना? आत प्राणवायू पोचत नाही त्याची ती खूण. म्हणूनच मुळं-पानं पुरती कुजत नाहीत आणि कार्बन शेकडो वर्षं तिथेच राहतो. चिखल उकरला की तो सुटतो. तेव्हा लागवडीआधी आहे ते राखा. उघड्या चिखलपट्टीवर फोटोपुरती लावलेली रोपं बहुतेक जगत नाहीत, हे बघून फार वाईट वाटतं.

ओहोटी:
सहमत. मी एवढंच विचारते, नांगर कुठे टाकता? एकदा वर ओढलेला नांगर जवळून पाहिलाय, फाळांत गवताची मुळं अडकलेली आणि काळा चिखल ठिबकत होता. भूमध्य समुद्रातलं पोसिडोनिया गवत वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरतं. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०१८ साली त्यावर नांगर टाकायला बंदीच घातली. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाच्या सागरी उद्यानात पाहुण्यांकडून शुल्क घेतात आणि होड्या नांगराऐवजी तळाशी पक्क्या केलेल्या तरंगत्या बोयांना बांधतात. तुमचे पहिले पैसे बोयाला जाऊ देत.

निळाई:
खाली वाळूच आहे असं धरून चाललो होतो. उतरून कधी पाहिलं नाही. या आठवड्यातच बघतो. नमुना म्हणून एखादं ठिकाण सांगाल?

खाजण:
केनियातलं गाझी. तिथला 'मिकोको पामोजा' प्रकल्प २०१३पासून ११७ हेक्टर खारफुटी राखून कार्बन क्रेडिट (रोखलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं) विकतो, आणि ते पैसे गावच्या पाण्याला, शाळेला लागतात. शेजारीच गावातल्या बायका खारफुटीतली लाकडी पायवाट चालवतात. पाहुणे वरून फिरतात, चिखलातून वर आलेली खारफुटीची श्वसनमुळं तुडवली जात नाहीत. पैसे देण्याआधी एक बघा, ते कुठे खर्चायचे हे किनाऱ्यावरची माणसं ठरवतात का. आणि पाहुण्यांना 'तुमच्या विमानप्रवासाचा कार्बन भरून निघाला' असं कृपा करून सांगू नका.