पेन्शनीवर आलेला फौजी : तुमच्या घरचे, गल्लीतले अनुभव

बेळगावच्या कॅम्पातून सकाळी जाताना रंगरुटांचं फॉलिन, म्हणजे रांगेत उभं राहणं, दिसतं. कसम परेडला, म्हणजे शपथविधीला, खानापूर, चंदगड, निपाणीकडचे आईबाप जेवणाचे डबे घेऊन येतात. त्या दिवसाचे फोटो सगळ्यांकडं असतात. सतरा वर्षांनी तोच पोरगा काळी पेटी घेऊन घरी येतो, त्याचं पुढं काय होतं ते इथं लिहूया. लढाई कमी, घर आणि गाव जास्त. माणसांची नावं नकोत, पलटणीचं चालेल. सुरुवात मीच करते.

आमचे बाबा पलटणीत क्लार्क होते. शौर्याची गोष्ट सांगा म्हटलं की म्हणायचे, "मी टाइपरायटरवर लढलो." खरी लढाई गावी आल्यावर सुरू झाली, नावांच्या स्पेलिंगशी. आमच्या शेजारच्या काकी डिस्चार्ज बुकात 'बाई' लावून, रेशन कार्डावर कन्नड वळणानं 'अव्वा' लावून आणि आधारवर नुसत्याच. काका गेले आणि फॅमिली पेन्शन अडकली, कारण कागदावर त्या तीन वेगळ्या बायका! आपल्याकडं हे घरोघरी आहे. शाळेचा दाखला मराठीत, जमिनीचा उतारा कन्नडात, फौजेचे कागद इंग्रजीत. लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या कागदात बायकोची नोंद, निघाली असेल तर निभावलं. सुट्टीत लग्न उरकून कुणाला न कळवता परत गेलेला फौजी असेल, तर बायकोनं पुढं चपला झिजवायच्या. मराठावाल्यांचं, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं, रेकॉर्ड ऑफिस निदान बेळगावात. आर्टिलरीचं नाशिकला, सिग्नलचं जबलपूरला.

बाबा ओसरीवर कार्बन घालून अर्ज लिहायचे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला रांग लागायची. फी म्हणजे पोस्टाचं तिकीट, तेही ज्याचं त्यानं आणायचं. नंतर अंगठ्याचं यंत्र आलं. जन्मभर भांगलण केलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगठ्यावर रेषा कुठल्या उरायला? बाबा त्यांना कोमट पाण्यात हात बुडवून बसवायचे. एकदा एका कार्यालयात त्यांनाच विचारलं, "तुम्ही एजंट काय?" त्या रात्री ते जेवले नाहीत.

खानापूरकडून, फौजीची बायको

मी दुसरी बाजू लिहिते. सतरा वर्षं घर मी चालवलं. भात लावणी, सासऱ्यांचं ऑपरेशन, पोरांच्या शाळा, सगळं. हे पेन्शनीवर आले आणि पहिल्याच आठवड्यात पहाटे पाचला शिट्टी. पोरांनी पांघरुणाच्या चौकोनी घड्या घालायच्या. सासूबाई म्हणाल्या, "आता म्हशीला पण फॉलिन कराय लावतोय बघ." थोरला बोलायचाच बंद झाला. शेवटी मीच सांगितलं, "अहो, ह्या घरात सुभेदार मेजर मी आहे." हसले नाहीत. तीन महिन्यांत डीएससीत, म्हणजे माजी फौजींना पहाऱ्यासाठी घेणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, परत भरती व्हायचा फॉर्म घेऊन आले. इथं माझं काही काम नाही, म्हणाले.

फॉर्म तसाच राहिला, कारण गावच्या दूध डेअरीला माणूस हवा होता. तिथं मात्र जमलं. प्रत्येकाची फॅट मोठ्यानं वाचायचे, सरपंचांच्या दुधाचीपण. पाणी घालणारे चिडले, पण सहा महिन्यांत सगळ्यांची फॅट वाढली! थोरला अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलतो. हे लिहू की नको असं झालं होतं.

बेळगाव तालुका, नातू

आज्जा जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठात. १७६८ ची पलटण. १९७१ च्या लढाईत पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात, जमालपूरला होता. आपल्या ब्रिगेडिअरनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली आणि समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठवली, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १० डिसेंबरच्या रात्री ती बलुच पलटण वेढा फोडून निघाली आणि मराठ्यांच्या मोर्च्यावर येऊन आदळली. आज्जा त्या रात्रीचं अवाक्षर काढायचा नाही. एवढंच सांगायचा की सकाळी पडलेल्यांच्या खिशात घरची पत्रं होती, उर्दूत, आणि आमच्यातल्या कुणाला वाचता येईनात.

गावात आल्यावर त्यानं पत्रं वाचून दाखवायचं काम धरलं. कन्नड नोटिसा यायला लागल्या तेव्हा पंचेचाळिशीत माझ्या आत्याचं पहिलीचं कन्नड पुस्तक घेऊन बसला. बोटानं गिरवत गिरवत शिकला. भाषेच्या भांडणात आज्जा कुठल्या बाजूला, ते सांगायला नको. मोर्चाला जायचा, आणि संध्याकाळी म्हातारीला कन्नड नोटीस मराठीत सांगायचा. त्याला यात वावगं काही वाटायचं नाही.

निपाणी

थोडक्यात लिहितो. २०१९ चा ऑगस्ट, वेदगंगा नदी यमगर्णीजवळ हायवेवर आलेली. आमच्या गल्लीत खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून, रिटायर झालेले मामा आहेत. लोक भांडीकुंडी माळ्यावर चढवत होते आणि मामा विळा घेऊन गोठ्यांतून फिरत होते. आधी दावी कापा म्हणाले, बांधलेलं जनावर बुडतं, सोडलेलं पोहतं. आमच्या दोन्ही म्हशी तिसऱ्या दिवशी माळावर सापडल्या. ड्रमांचा तराफापण बांधला होता, पण तो उलटला. मामा ते स्वतःच सांगतात.

हिंडलग्याजवळून

आमच्याकडं एक रिटायर्ड हवालदार पहाटे साडेचारला पोरं पळवतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, बीमला लटकून दहा पुलअप, नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. आता अग्निवीरला आधी ऑनलाइन परीक्षा आली, त्यामुळं पळणारी पोरं तिथंच गळतात. मग त्यांनी गणिताला एक डीएड झालेली पोरगी बसवली, मानधन स्वतःच्या पेन्शनीतून. चार वर्षांनी चारातला एकच ठेवणार, बाकी तिघांचं काय, असं पालक विचारतात. हवालदार म्हणतात, मला विचारू नका, मी पळायला शिकवतो.

चंदगड रोड

ताई, वर तुमच्या बाबांचं वाचलं म्हणून विचारतो. आमच्या वडिलांचं डिस्चार्ज बुक पुरात गेलं. आई आहे. अर्ज कसा करायचा?

धागाकर्ती

दादा, बाबा आता नाहीत, पण त्यांच्या फाइलीत दुय्यम प्रतीच्या अर्जाचा नमुना असणार. दुपारी शोधून टाइप करते. तोवर वडिलांचा आर्मी नंबर काढून ठेवा. आईंना आठवत नसेल तर माळ्यावरची काळी पेटी उतरवा. झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलेला असेल.