विषय: एपी आणि ड्युअल एनरोलमेंटची क्रेडिट्स, इंजिनिअरिंग तीन वर्षांत होतं का?

नमस्कार मंडळी,
मुलगा यंदा इथे अमेरिकेत मेकॅनिकलला जातोय, हायस्कूलमधून ४५ क्रेडिट्स घेऊन, काही एपीची (हायस्कूलमध्ये देतात त्या कॉलेज दर्जाच्या परीक्षा) आणि काही ड्युअल एनरोलमेंटची (शाळेत असतानाच केलेले कॉलेजचे कोर्सेस). डिग्री १२८ ची आहे, म्हणजे सरळ दीड वर्ष वाचेल असा आमचा हिशोब, फी पण तेवढी वाचेल. कोणाच्या मुलांनी केलंय का असं? प्लीज सांगा.

---

उत्तर: नमस्कार ताई,
मुलाचं मनापासून अभिनंदन! माझी लेक तिसऱ्या वर्षाला आहे, तीही मेकॅनिकलच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

४५ हा आकडा आत्ता बाजूला ठेवा आणि डिपार्टमेंटच्या साइटवरचा फ्लोचार्ट प्रिंट करून घ्या, तो बाणांचा असतो ना तो. कॅल्क्युलस एक, मग फिजिक्स मेकॅनिक्स, मग स्टॅटिक्स, त्यानंतर मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्स, मग मशीन डिझाइन, आणि शेवटी दोन सेमिस्टरचा कॅपस्टोन, म्हणजे शेवटचा मोठा प्रोजेक्ट, ही साखळी आहे आणि एक कडी झाल्याशिवाय पुढची घेता येत नाही, त्यात काही कोर्सेस वर्षातून एकदाच असतात, स्प्रिंगचा चुकला की थेट पुढचा स्प्रिंग. लेकीला एपीच्या कॅल्क बीसी (कॅल्क्युलस एक आणि दोन) आणि फिजिक्स सी मेकॅनिक्सची क्रेडिट्स मिळाली म्हणून ती पहिल्याच सेमिस्टरला स्टॅटिक्सला बसली, वेळ वाचला तो तिथे. सायकॉलॉजी, यूएस हिस्टरी, इंग्लिश यांनी जेन एड (सगळ्यांना सक्तीचे सर्वसाधारण विषय) संपतं, सेमिस्टर हलकं होतं, पण साखळी एका कडीनेही पुढे सरकत नाही. एपी फिजिक्स वन असेल तर विचारून घ्या, ते अल्जिब्रावर चालतं, इंजिनिअरिंगला कॅल्क्युलसवालं लागतं.

अजून एक, अबेटच्या (इंजिनिअरिंग डिग्र्यांना मान्यता देणारी संस्था) नियमात इंजिनिअरिंगचे विषय कमीत कमी ४५ क्रेडिट्स लागतात, ते सहसा हायस्कूलमधून मिळत नाहीत हो. आणि कॉलेजगणिक फरक, कॅलटेक एपीला क्रेडिट देतच नाही, एमआयटी कॅल्क बीसीला ५ असेल तरच १८.०१ चं, म्हणजे त्यांच्या पहिल्या कॅल्क्युलसचं, देते.

सेमिस्टर हलकं झालं म्हणून १२ क्रेडिट्सच्या खाली मात्र जाऊ देऊ नका, फुल टाइम राहत नाही, स्कॉलरशिप आणि फायनान्शियल एड दोन्हीवर येतं. लेकीने त्या जागेत मॅथ मायनर घेतलं आणि एक सेमिस्टर को-ऑपला, म्हणजे कंपनीत कामाला, गेली. ती चार वर्षांतच पास होणार आणि आम्हाला त्याचं फार समाधान आहे, कारण हातात कामाचा अनुभव असेल.

---

उत्तर: दादांनी लिहिलंय ते अगदी खरं. मी कम्युनिटी कॉलेजमध्ये गणित शिकवते म्हणून दोन गोष्टी. ड्युअल एनरोलमेंटचा ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो, पुढे मास्टर्सला अर्ज करताना तोही मागतात, एपीचं तसं नाही. आणि ताई, कॅल्क थ्री थेट घेण्याआधी उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीचा कॅल्क टूचा जुना फायनल पेपर मुलाला घरी घड्याळ लावून सोडवायला द्या, सिरीज आणि इंटिग्रेशन टेक्निक्स जमतायत का बघा. नाही जमलं तर क्रेडिट असलं तरी कॅल्क टू तिथेच घ्यावं, पुढे डिफरन्शियल इक्वेशन्सला आणि हीट ट्रान्स्फरला तेच लागतं, मुलं हुशार असून तिथे अडकतात आणि मला फार वाईट वाटतं. फक्त रिपीट केल्यावर एपीचं क्रेडिट जातं का ते अॅडव्हायझरला आधी ईमेलवर विचारून घ्या, लेखी उत्तर असलेलं बरं.

---

उत्तर: दोघांचे खूप खूप आभार! फ्लोचार्ट काढला, ४५ मधली ११ च साखळीतली दिसतायत. ओरिएंटेशनच्या आधी अॅडव्हायझरची अपॉइंटमेंट घेतेय.