सल्ला हवा: आई-बाबा सहा महिने फ्रीमाँटला, घर कुठल्या भागात घ्यावं?

होटगीरोड:
भावाची बदली कॅलिफोर्नियात झाली आहे. ऑफिस मेन्लो पार्कला, पण घर सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला फ्रीमाँटमध्ये घेणार. मे ते ऑक्टोबर आई-बाबा त्याच्याकडे असतील. बाबा ६६, आई ६१. दोघंही गाडी चालवत नाहीत. बाबांना इथे सोलापुरात पहाटे सिद्धेश्वर तळ्याकडे फेरी मारायची सवय, आईचे गुडघे दुखतात म्हणून चढ नको. भावाने चार जागा बघून ठेवल्यात: मिशन सॅन होजे, वॉर्म स्प्रिंग्ज, आर्डनवुड आणि फ्रीमाँट बार्ट (तिथली लोकल रेल्वे) स्टेशनजवळ. भाड्यातला फरक त्याला परवडेल. नकाशात सगळं एकच गाव दिसतंय, त्यामुळे काही उमगत नाही. इथून काय न्यावं, काय नेऊ नये, तेही सांगा.

खाडीकाठ:
नकाशा फसवतो. सेंटरव्हिल, नाईल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच वेगळी गावं १९५६ च्या जानेवारीत एकत्र आली आणि त्यांचं फ्रीमाँट झालं. म्हणून नवी पेठेसारखी सगळ्या गावाची एक जुनी बाजारपेठ तिथे नाही. प्रत्येक गावाचा चौक वेगळा, आणि मधल्या जागेत नंतर वसलेल्या वसाहती. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,३०,५०४, म्हणजे २०११ च्या सोलापूर शहराच्या जेमतेम पाव. जमीन मात्र २०० चौरस किलोमीटरच्या आसपास, आपल्या महापालिका हद्दीपेक्षा जास्तच. माणसं कमी आणि पसारा मोठा असल्यामुळे गाडी न चालवणाऱ्याला घराचा पत्ता चुकला की सगळंच चुकतं. भाव करण्याआधी घरापासून तीन गोष्टी पायी मोजा: किराणा, सपाट फिरायची जागा, बस किंवा बार्ट. तिन्ही १५ मिनिटांच्या आत हव्यात.

या हिशेबात मिशन सॅन होजे बाद. भाग देखणा आहे, शाळांसाठी लोक तिथे जास्त पैसे मोजतात, पण तो डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि बऱ्याच गल्ल्या चढाच्या आहेत. शाळकरी मुलं नसताना तिथलं भाडं कशासाठी भरायचं?

माझं मत फ्रीमाँट बार्टजवळच्या घराला. तिथून सेंट्रल पार्क आणि लेक एलिझाबेथ चालत गाठता येतं. तळ्याभोवतीचा रस्ता सपाट, एक फेरी साधारण तीन किलोमीटरची. बाबांना सिद्धेश्वर तळ्याची आठवण येईल, फक्त मध्ये मंदिर नाही. ज्येष्ठांचं केंद्र पार्कातच आहे आणि मुख्य ग्रंथालय शेजारी.

आर्डनवुडकर:
भावाचं ऑफिस मेन्लो पार्कला आहे, ते विसरू नका. फ्रीमाँटहून तिकडे जायचा रस्ता म्हणजे डंबार्टन पूल, आणि आर्डनवुड पुलाच्या तोंडाशीच आहे. पार्क अँड राईडला गाडी लावून डंबार्टन एक्स्प्रेस बसने पलीकडे जाता येतं. बार्टजवळ घर घेतलं तर सकाळी आधी अख्खं गाव ओलांडून पुलाकडे यावं लागेल, मग पुलावरची रांग. पथकर फक्त पश्चिमेकडे जाताना लागतो, म्हणजे त्याला रोज सकाळी. परतताना नाही.

भाग पूर्ण सपाट आहे, भारतीय कुटुंबं भरपूर. संध्याकाळी बागेत आजी-आजोबांचे घोळके बसतात, त्यात मराठी बोलणारे भेटतातच. जवळच आर्डनवुडची जुनी शेतवाडी आणि खाडीला लागून कायोटी हिल्स. बार्ट नाही हे खरं. पण आई-बाबा रोज सॅन फ्रान्सिस्कोला थोडेच जाणार?

खाडीकाठ:
रोज नाही, पण मुलगा ऑफिसला असताना स्वतःहून कुठेतरी जाता येणं फार मोठी गोष्ट आहे. नाहीतर सहा महिन्यांतले पाच दिवाणखान्यात जातात आणि दोघंही तारखा मोजत बसतात. आर्डनवुडहून बार्ट गाठायला आधी बस, आणि बस दर पाच मिनिटांनी येत नाही. तरी भावाचा प्रवास हा मुद्दा रास्त आहे. ऑफिसला आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचं असेल तर बार्टजवळ, पाचही दिवस असेल तर आर्डनवुड.

होटगीरोड:
तीन दिवस जावं लागतं. वॉर्म स्प्रिंग्जचं काय? तिथेही बार्ट आहे ना?

खाडीकाठ:
आहे, २०१७ पासून. आधी १९७२ पासून फ्रीमाँट हेच त्या बाजूचं शेवटचं स्टेशन होतं. वॉर्म स्प्रिंग्ज स्टेशनालगत नव्या इमारती झाल्यात, घरं चांगली आहेत. पण शेजारी टेस्लाचा कारखाना (१९६२ पासून जनरल मोटर्सचा, नंतर टोयोटासोबतचा, २०१० पासून टेस्लाकडे) आणि दोन्ही बाजूंना ८८० आणि ६८० हे महामार्ग. पाळी सुटली की रस्ते तुंबतात. शिवाय ते दक्षिण टोक, आणि डंबार्टन पूल उत्तरेकडे. भाऊ सॅन होजेच्या दिशेला कामाला असता तर हेच पहिलं सुचवलं असतं.

चादरवाला:
बार्टबद्दल नेमकं सांगतो. स्टेशनवर उतरल्यावर विचारत बसू नका, आधीच क्लिपर कार्ड (पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) करून घ्या. ६५ वर्षांपुढच्यांना ज्येष्ठांचं वेगळं क्लिपर मिळतं, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. बार्टवर त्याला ६२.५ टक्के सूट. बाबांना मिळेल, आईंना नाही. दोघांनी एकच कार्ड वापरायचं नाही, प्रत्येकाला स्वतःचं लागतं. आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवायचं, भाडं अंतरावर कापतं.

ग्रीन लाईन थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाते, पण रात्री बंद होते. तेव्हा ऑरेंज लाईनने निघून वाटेत गाडी बदलावी लागते. रविवारी पहिली गाडी आठच्या सुमाराला. पहाटे उठून निघालात तर स्टेशन बंद दिसेल.

विमानतळावरून पहिल्या दिवशी मात्र बार्ट नको. एसएफओहून (सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ) गाडी बदलावी लागते, आणि मोठ्या बॅगा, वीसेक तासांचा प्रवास, जागरण. भावाने सॅन मटेओ पुलावरून गाडीने आणावं, पूर्वेकडे येताना पथकर नाही.

तिकीट काढताना एक घोटाळा टाळा. फ्रीमाँटच्या पोटात न्यूअर्क नावाचं वेगळं शहर आहे. ते १९५५ मध्येच स्वतंत्र झालं आणि पुढच्या वर्षीच्या विलीनीकरणात आलं नाही. घराच्या पत्त्यात हे नाव दिसलं म्हणून न्यूअर्क विमानतळाचं तिकीट काढू नका, तो विमानतळ न्यू जर्सीत, देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

शेंगाचटणी:
सामानाचं मी सांगते. आई काय काय बांधायला लागल्या असतील ते डोळ्यांपुढे येतंय.

कडक भाकरी खुशाल न्या. पाण्याचा अंश राहिलेला नसतो म्हणून ती टिकते. मात्र दोन थरांत कागद घालून डब्यात भरा, नुसत्या पिशवीत चुरा होतो. शेंगाचटणी भाजलेली-कुटलेली असते, ती चालते. तेल सुटतं म्हणून दोन पिशव्यांत घालून सील करा.

अख्खं धान्य आणि बिया नको. तांदूळ, हरभरा, सोयाबीन, करडई यांवर खापरा भुंग्यामुळे बंदी आहे, आणि भारत त्या किडीच्या देशांच्या यादीत येतो. त्यामुळे आपल्याकडची करडई, वाळवलेला हुरडा, पेरायला म्हणून घेतलेलं मेथीचं बी, सगळं घरीच ठेवा. ताजी फळं, कढीपत्त्याची पानं, मांसाचे पदार्थही नाहीत. आणि जे नेताय ते फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला विचारण्याआधी सांगायचं. सांगितलेला पदार्थ नको असेल तर ते फार तर काढून घेतात, लपवलेला सापडला तर दंड होतो. पाकिटांवर इंग्रजीत नाव लिहा. 'मसाला' एवढंच लिहिलं तर उघडून बघतात.

मिक्सर नेऊ नका. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपला २३० व्होल्टवर चालतो, तिथे नीट फिरणारच नाही. तिथलाच घ्या. ज्वारीचं पीठ भारतीय किराण्यात मिळतं, पण तारीख बघून. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडा फाटतात, मग उकळत्या पाण्यात भिजवून बराच वेळ मळावं लागतं. शेगडी विजेची असेल तर भाकरी विस्तवावर फुगवता येणार नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवा. ठेच्याची मिरची परतताना आधी चिमणी आणि खिडकी, नाहीतर छतावरचा धुराचा भोंगा अख्खी इमारत जागी करतो.

औषधं सहा महिन्यांची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. विमा घेताना आधीच्या आजारांबाबतचं कलम शब्दन् शब्द वाचा. स्वस्त पॉलिसीत नेमकं तेच वगळलेलं असतं.

होटगीरोड:
ताई, हे फार उपयोगी. हवामान कसं? मेमध्ये इथून ४२ अंशांतून निघतील.

आर्डनवुडकर:
स्वेटर वर ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. जुलैतही दुपारी २६-२७ आणि रात्री १४-१५ अंश. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो, आर्डनवुड आणि कायोटी हिल्सला जास्तच. फिरायला सकाळ बरी. पाऊस तिथे हिवाळ्यात, त्यामुळे यांना जवळपास दिसणारच नाही. जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो, म्हणजे जेवणाची वेळ घड्याळावर ठेवा, उजेडावर नाही. ऑगस्टपासून पुढे वणव्यांचा धूर येऊ शकतो. हवेचा निर्देशांक १५० च्या वर गेला की फिरणं बंद, खिडक्या बंद.

बाबांनी मिशन पीकचं नाव ऐकलं की जावंसं वाटेल. स्टॅनफर्ड अव्हेन्यूकडून जाऊन-येऊन साधारण दहा किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या वर, सावली नाही, वाटेत पाणी नाही. सवय असली तरी पहिल्या महिन्यात नको. त्याऐवजी अलमेडा क्रीकची वाट घ्या: नाईल्सपासून खाडीपर्यंत जवळपास १९ किलोमीटर, दक्षिण काठ डांबरी आणि सपाट. जमेल तिथून मागे फिरायचं. नाईल्सला तर जाच. १९१५ च्या सुमारास चार्ली चॅप्लिनने तिथे मूकपट केले, तिथे मूकपटांचं संग्रहालय आहे.

चादरवाला:
एक गोष्ट कुणी सांगितली नाही. हेवर्ड भ्रंशरेषा फ्रीमाँटमधून, लेक एलिझाबेथच्या जवळूनच जाते. १८६८ च्या भूकंपात मिशन सॅन होजेचं जुनं चर्च पडलं, आता आहे ते १९८५ मध्ये पुन्हा बांधलेलं. घाबरायचं कारण नाही, पण आपल्या पिढीला १९९३ च्या किल्लारीपासून एक सवय लागली आहे: हादरा बसला की बाहेर पळायचं. किल्लारीत दगड-मातीच्या भिंती अंगावर आल्या, म्हणून ते बरोबर होतं. तिथली घरं लाकडी सांगाड्याची, ती हलतात पण सहसा कोसळत नाहीत. इजा होते ती पडणाऱ्या कपाटांनी, काचांनी आणि पळताना. म्हणून तिथे खाली बसा, मजबूत टेबलाखाली जा, टेबलाचा पाय धरून ठेवा. गुडघ्यांमुळे आईंना खाली बसता येत नसेल तर पलंगावरच राहून उशी डोक्यावर घ्यावी. पलंगाजवळ चपला आणि विजेरी रोज ठेवा, कारण काचा अंधारात दिसत नाहीत. उंच कपाट भिंतीला पट्टीने आवळलंय का, ते भावाने पहिल्याच आठवड्यात बघावं.

होटगीरोड:
बार्टजवळचंच घर नक्की करतोय. भावाला आत्ताच कळवलं, कपाटाचंही सांगितलं.

शेंगाचटणी:
छान. उतरल्या दिवशीच आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) ऑनलाईन काढून त्यावरची परतीची तारीख बघा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत ती. परतीचं तिकीट त्याच्या निदान आठवडाभर आधीचं असू द्या.