रविवारची बंद दुकानं

परदेशात रविवारी दुकानं बंद असतात म्हणून बरेच जण त्रागा करतात, त्यात जर्मनीतून आमची थोडी भर. हा काही एखाद्या शहराचा हट्ट नाही. जर्मनीच्या १९१९ च्या, वायमार नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या घटनेतही कायम आहे, तेव्हा फार आशा नको. शनिवारी दूध-कोथिंबीर आणायला विसरलात तर स्टेशनातलं महागडं दुकान गाठा. बेकरी सकाळी काही तास उघडी असते, पण पावावर वरणभाताची भूक भागते होय!

रविवारी ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायच्या नाहीत, खळखळाट होतो म्हणून. कुकरच्या शिट्टीवर बंदी नाही, तरी सासूबाई इथे असल्या की मी खालच्या आजींना आधीच सांगून ठेवते. (आजींना आता आमटीचा वास ओळखता येतो.)

मुलांना मात्र हाच वार आवडतो. बाबा घरी, खरेदी नाही, मग तळ्याकाठी सायकली. पाण्याची एकदाच वापरायची रिकामी प्लास्टिक बाटली यंत्रात टाकली की अनामत म्हणून भरलेले २५ सेंट परत मिळतात, तो आमच्या लेकीचा खाऊचा पैसा. यंत्र दुकानात असल्यामुळे ती वसुली तेवढी शनिवारी.