मदत हवी आहे: फ्लॅट फ्रेम लावल्यावर मृगातल्या तेजोमेघाच्या फोटोचे कोपरे उजळतात

एम४२चे (हाच तो तेजोमेघ) ६० सेकंदांचे ८० फोटो आहेत. साधा डीएसएलआर (सेन्सरपुढचा इन्फ्रारेड फिल्टर न काढलेला), २०० मिमी लेन्स, एफ/४, आयएसओ ८००, ट्रॅकरवर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र). स्टॅकिंग (सगळे फोटो एकत्र करून एक बनवणं) डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये, पुढचं प्रोसेसिंग सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये.

फ्लॅट (एकसारख्या उजेडाचा फोटो, ज्यावरून कोपऱ्यांचा काळपटपणा आणि धुळीचे डाग दुरुस्त करतात) न लावता कोपरे काळवंडलेले दिसतात, ते समजू शकतो. फ्लॅट लावले की उलटंच: मधला भाग काळपट आणि कोपरे उजळ. सेन्सरवरच्या धुळीचा काळा ठिपका होता, तिथे आता पांढरं कडं उमटलंय!

फ्लॅट त्याच रात्री, फोकस न हलवता, लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून घेतले. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मध्यावर होता. अर्धेच फ्लॅट वापरून पाहिले, सिरिलमध्ये ग्रेडियंट (पार्श्वभूमीतला उजेडाचा चढउतार) काढून पाहिला, कडं तसंच. डार्क (झाकण लावून तेवढ्याच वेळाचे फोटो) आणि बायस (झाकण लावून कमीत कमी वेळाचे फोटो, सेन्सरची मूळ पातळी मोजायला) मात्र घेतलेच नाहीत (थंडी होती, चालून जाईल म्हटलं). संशय तिथेच आहे, कारण लाइट फ्रेममधून (म्हणजे तेजोमेघाच्या फोटोंमधून) बायस वजाच होत नाही.

लेन्स आता काढलीय, त्यामुळे फ्लॅट पुन्हा घेणं शक्य नाही. त्याच आयएसओवर बायस आज घेतले तर चालतील, की त्या रात्रीच्या तापमानाचे डार्कच लागतील?